पेनमधलं रिकामं फोल्डर

आमच्या गल्लीत माणसाला नाव नसतं, मशिनांचा आकडा असतो. ज्याच्याकडे भरतकामाची आठ मशिनं तो आठमशीन. त्याच्या समोर चारमशीन काकू, कोपऱ्यावर सहामशीन, आणि मी दोनमशीन. वीस वर्षं झाली, पोस्टमनसुद्धा मला 'ओ दोनमशीन' अशीच हाक मारतो. आकडा लहान असला की आवाजही लहान ठेवायचा असतो, हे इथे कुणी शिकवत नाही, आपलं आपल्याला कळतं. मला ते जरा जास्तच कळलं. कसं, तेच सांगायला बसलोय.

ज्यांच्याबद्दल सांगणार आहे, त्यांच्याकडे एकही मशीन नव्हतं. एक जुना कॉम्प्युटर, एक भिंग आणि खिडकीजवळचं टेबल, एवढाच त्यांचा संसार. पण त्यांच्यावाचून गल्लीतलं एकही मशीन हललं नसतं. कागदावर काढलेलं फूल मशीनला कळत नाही. सुई कुठे खाली जाईल, दोरा कुठे वळेल, कुठे तुटेल, हे एकेक टाका करून सांगावं लागतं. त्या कामाला आम्ही पंचिंग म्हणतो, आणि ते करणाऱ्या माणसाला आख्खी गल्ली म्हणायची टाकेमास्तर.

मास्तरांना टाके मोजायची खोडच होती. दवाखान्यात रांगेत बसले तरी समोरच्या बाईच्या ओढणीकडे बघून हळूच सांगायचे, "बावीस हजार. पण पान उलटं भरलंय." त्यांच्या बायकोनं एकदा सांगितलं होतं मला, लग्न ठरवायला गेले तेव्हा मुलीकडे बघायच्या आधी त्यांनी टेबलक्लॉथकडे बघितलं. "अजूनही तसंच आहे," ती म्हणाली होती. "मी नवीन साडी नेसले तर साडीचे दोष सांगतात, माझं काही नाही."

सोळाव्या वर्षी ते या धंद्यात आले, तेव्हा कॉम्प्युटर कुठला. चित्र सहापट मोठं करून चौकटीच्या कागदावर काढायचं, आणि मग एकेका टाक्याला पट्टीवर भोक पाडायचं. एक भोक चुकलं की सगळी पट्टी बाद. त्यांचा गुरू म्हणे चुकलेल्या पट्टीनंच मारायचा. तिथून हा माणूस पन्नाशीला आला तेव्हा कॉम्प्युटर आला, आणि बरोबरीचे सगळे 'आता आमच्यानं नाही व्हायचं' म्हणून घरी बसले. मास्तर नाही बसले. भाचीकडून महिनाभर शिकले, तिनं रागावलेलं ऐकून घेतलं, आणि पुन्हा उभे राहिले.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक कारखान्याचा एक पेनड्राइव्ह असतो. आम्ही नुसतं पेन म्हणतो. डिझाइन हवं असलं की आपलं पेन मास्तरांकडे द्यायचं. मास्तर त्यात डिझाइन भरणार, आपण ते आणून मशीनला लावायचं. आणि पहिला नियम : भरलेलं पेन परत दिलं की मास्तर स्वतःच्या कॉम्प्युटरमधली फाइल आपल्या देखत पुसणार. आमचं फूल दुसऱ्या कुणाला विकलं जाऊ नये म्हणून. म्हणजे काय, तर डिझाइन एकाच जागी राहणार, त्या पेनमध्ये. म्हणून पेनाचा दुसरा नियम : ते कारखान्यातून मास्तरांकडे आणि मास्तरांकडून कारखान्यात जाईल, तिसरीकडे कुठेही जाणार नाही. आणि तिसरा : दुसऱ्याच्या पेनमध्ये डोकावायचं नाही. आपलं डिझाइन सोडून मास्तरांनी कुणाच्या पेनमधली दुसरी फाइल कधी उघडली नाही. तीस वर्षांत त्यांच्याकडून एक पान, एक पाकळी इकडची तिकडे झाली नव्हती. त्यांच्याकडे दुसरी कसली इस्टेट नव्हतीच.

दुसरा नियम मी मोडला. कशासाठी म्हणाल, तर गाण्यांसाठी.

मशिनांच्या खडखडाटात दिवसभर बसून कान किटतात. मी एक छोटा गाण्यांचा डबा घेतला होता, त्याला पेन लावलं की वाजतो. झेरॉक्सच्या दुकानात एक जण पेनमध्ये दोनशे गाणी भरून द्यायचा. दुसरं पेन विकत घ्यायला काय धाड भरली होती मला? पण खिशात होतं ते डिझाइनचं पेन, आणि दुकान दिसलं वाटेत. दिलं काढून. भर दुपारी, दहा मिनिटांचं काम. गाणी घेऊन शीळ वाजवत आलो. दोन दिवसांनी तेच पेन मास्तरांकडे नवीन डिझाइनसाठी दिलं. देण्याआधी गाणी पुसली, एवढी अक्कल होती.

पंधरा-वीस दिवसांनी गल्लीत बोंब उठली. सहामशीननं पेन लावलं, तर मशीनच्या पडद्यावर काहीच नाही. डिझाइन शून्य. दुसऱ्या दिवशी आणखी एकाचं तसंच. कुणी म्हणालं मशीन बिघडलं, कुणी म्हणालं पेन जुनं झालं. चारमशीन काकूंचं पेन रिकामं दिसलं तेव्हा त्यांना घाम फुटला. सहा वर्षांची डिझाइनं होती त्यात. काकूंचा नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं तो कारखाना ओढलाय, त्यामुळे घाबरल्या तरी कुणाला विचारायची त्यांना सवय नाही. पेन त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं, त्यांना वाटलं दुरुस्त करू का म्हणतोय. हो म्हटलं. ते दुरुस्त करणं नव्हतं, पेन कोरं करणं होतं. झालं, सहा वर्षं धुऊन निघाली.

सगळ्यात वाईट काय, तर तोपर्यंत त्यांचं एकही डिझाइन गेलेलं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं, फक्त दिसत नव्हतं.

हे मास्तरांनी शोधून काढलं. कसं शोधलं ते मला त्यांनी नंतर टेबलाशी बसवून दाखवलं, म्हणून मला माहीत. त्यांच्या कॉम्प्युटरवर एका पेनमधलं फोल्डर दिसत होतं, नाव तेच, चित्र तेच, पण चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण होता. मुगाच्या दाण्याएवढाही नाही. तुम्ही-आम्ही शंभर वर्षं बघितलं नसतं. पण जन्मभर टाके बघितलेला माणूस तो. त्यांनी बाजारातून कोरं करकरीत पेन आणलं, कॉम्प्युटरला लावलं, काहीही न करता काढलं, पुन्हा लावलं. त्यात एक फाइल आलेली होती.

"म्हणजे घरातच आहे किडा, या कॉम्प्युटरमध्ये," मास्तर म्हणाले. "पेन नुसतं रिक्षा आहे. बसतो, उतरतो."

मग त्यांनी त्याची चाल बघितली. हा किडा, लोक ज्याला व्हायरस म्हणतात तो, पेनमध्ये शिरला की खरी फोल्डरं लपवतो आणि त्याच नावाची खोटी मांडून ठेवतो. तुम्ही खोट्यावर क्लिक केलं की आधी तो जागा होतो, आणि मग खरं फोल्डर स्वतःच उघडून देतो. त्यामुळे तुम्हाला शंकाच येत नाही. कॉम्प्युटरमध्ये एकदा जागा झाला की मग जे पेन येईल त्यात उतरतो. मशीनला तो लागत नाही, मशीनला एवढी अक्कल कुठली. पण लपवलेलं मशीनला दिसतही नाही, म्हणून पडदा रिकामा.

त्याला मारायलाही त्यांना तीन दिवस लागले. फाइल पुसली की परत यायची. शेवटी लक्षात आलं की तो चालू असताना पुसून उपयोग नाही, चालू असलेला आपली दुसरी नक्कल ताबडतोब करतो. आधी त्याला बंद करायचं. मग कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप जे काय सुरू होतं, त्या यादीतून त्याचं नाव काढायचं. मग फाइल पुसायची. आणि मग पेनमधली खोटी फोल्डरं पुसून, काळ्या चौकटीत एक ओळ टाइप करून, खऱ्यांवरचा लपवल्याचा शिक्का काढायचा. हे त्यांनी वहीत पायरीपायरीनं लिहून ठेवलं होतं, शेजारी बारीक अक्षरात कुठल्या पेनमध्ये काय सापडलं, फाइलची तारीख काय, तेही.

त्या वहीतूनच मी सापडलो. मास्तरांच्या कॉम्प्युटरमध्ये किडा ज्या तारखेला आला, त्याच्या दोन दिवस आधीची तारीख एकाच पेनवर होती. माझ्या.

"गाणी घेतलीस का रे?" त्यांनी विचारलं. "एका लपवलेल्या फोल्डराचं नाव 'गाणी' आहे. तू पुसलंस ते खोटं, खरं लपूनच राहिलं."

मी हो म्हणालो. काकूंची सहा वर्षं माझ्या दोनशे गाण्यांपायी गेली होती. मी मास्तरांचे हात धरले. म्हणालो, "मास्तर, कुणाला सांगू नका. आठमशीन मला जादाचं काम देतात, त्यावर माझं घर चालतं. काकू तर मला उभा जाळतील."

मास्तर भिंग पुसायला लागले. "चूक तुझी आहे, पण पसरला माझ्या टेबलावरून," ते म्हणाले. "मला आधी दिसायला हवा होता. नाही सांगणार कुणाला. जा." मी लगेच निघालो. साधं 'उपकार झाले' म्हणायचंही सुचलं नाही.

काकूंची डिझाइनं मास्तरांनी परत करून दिली. कारखान्यात उरलेले जुने तुकडे घेऊन, भिंगाखाली धरून, टाका टाका मोजून. सव्वीस डिझाइनं, दोन महिने. एक पैसा घेतला नाही. काकू म्हणाल्या, "माणुसकी आहे तुमच्यात मास्तर." हे वाक्य लक्षात ठेवा म्हणत नाही, त्यांनीही नाही ठेवलं.

बाकीच्या पेनांचा प्रश्न होता. मास्तर आधी सहामशीनकडे सरळ गेले आणि म्हणाले, तुमच्या पेनमध्ये किडा आहे, ऑफिसचा कॉम्प्युटरही साफ करून देतो. सहामशीन उखडला. "माझ्याकडे घाण आहे म्हणता? तुमच्याकडूनच आली असेल. आणि माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, त्यात गिऱ्हाइकांची नावं आहेत." ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. त्यानंतर मास्तरांनी कुणाला सांगायचं सोडलं. पेन डिझाइनसाठी आलं की गुपचूप साफ करायचं, आणि परत द्यायचं. जाताना त्यात एक रिकामं फोल्डर ठेवायचं, किड्याच्या फाइलीचं जे नाव तेच नाव देऊन, आणि सहजासहजी पुसता येणार नाही असं.

"एका खुर्चीवर एक जण बसला की दुसरा कुठे बसणार?" मला त्यांनी समजावलं. "त्या नावाची जागा भरलेली दिसली की त्याला उतरता येत नाही. कारखान्यातले कॉम्प्युटर मला साफ करू देत नाहीत ना, मग निदान पेन तरी वाचू दे."

महिन्या-दीड महिन्यात गल्लीतलं प्रत्येक पेन त्यांच्या हाताखालून गेलं. पडदे रिकामे दिसायचे थांबले. कुणाला वाटलं हवा बदलली, कुणाला वाटलं पेनं सुधारली. विसरले सगळे. मीही विसरलो, आणि मला तर विसरायची घाईच होती.

मग आठमशीनचा जावई आला. हा कुठल्याशा मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणजे काय करतो ते सासऱ्यालाही माहीत नाही. त्याच सुमाराला आठमशीनची एक वेलबुट्टी बाजारात दुसऱ्याच कुणाच्या कापडावर दिसली होती. हुबेहूब. आठमशीन आधीच तापलेला. जावयानं सहज सासऱ्याचं पेन तपासलं, लपवलेल्या गोष्टी दाखव म्हणून कॉम्प्युटरला सांगितलं, आणि ते फोल्डर दिसलं. विचित्र नाव, आत काही नाही, पुसायला जावं तर पुसलं जात नाही. त्यानं शेजारच्याचं पेन मागितलं. तिथेही तेच. संध्याकाळपर्यंत अकरा पेनं झाली, अकराही पेनांत तेच फोल्डर.

उंटावरचा शहाणा तो. एकदाही त्याच्या डोक्यात आलं नाही की मास्तरांना विचारावं हे काय आहे. त्यानं थेट निकाल दिला : "यातूनच डिझाइनं बाहेर जातात."

सुट्टीच्या दिवशी दुपारी दोऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत सगळे कारखानदार जमले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकून ठेवलेली दोऱ्याची खोकी, पंखा एक आणि माणसं चौदा. मास्तरांना मधोमध बसवलं होतं. वही घेऊन आले होते ते, मांडीवर ठेवून. मी दाराजवळ बसलो, पटकन उठता येईल असा.

आठमशीननं विचारलं, "हे फोल्डर तुम्ही टाकलंत?"

"हो. मीच."

खोलीत एकदम गलका झाला. कबूल केलं म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतो. मास्तर सांगत होते, किडा, बाण, खुर्ची, सगळं सांगत होते. पण ज्याला टाक्यांची भाषा येते त्याला माणसांची तितकीशी येत नाही. जावई मोबाइल बघत हसत होता. सहामशीन म्हणाला, "न विचारता आमच्या पेनमध्ये हात घातलात की नाही, तेवढं सांगा." तेवढंच सांगायचं तर उत्तर हो होतं. काकू म्हणाल्या, "माझी डिझाइनं फुकट का करून दिलीत, ते आता कळलं." हे ऐकून मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. नंतर कित्येक दिवस मला ते बघणं आठवायचं आणि जेवण जायचं नाही.

मास्तर म्हणाले, "ते बाजारातलं कापड आणा आणि टाके मोजा. माझ्या वेलीला अठरा हजार चारशे टाके आहेत, पाकळी डावीकडून भरलीय. माझी फाइल गेली असती तर टाक्याला टाका जुळला असता. कापडावरून नक्कल केली असेल तर नाही जुळणार. एक तुकडा आणि भिंग द्या, अर्ध्या तासात सांगतो."

"टाके कोण मोजत बसणार?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. चौदा भरतकामवाले, आणि टाके कोण मोजणार म्हणून हसले.

मग आठमशीननं तो प्रश्न विचारला. "बरं, तुमचा तो किडा खरा मानू. मग आला कुणाच्या पेनमधून? वहीत लिहिलंय म्हणता ना. दाखवा वही."

मास्तरांनी वहीवर हात ठेवला. "ते नाही सांगणार. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ते सांगितलं तर शब्द कसला राहिला."

इथे मी उठायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं, 'माझ्या पेनमधून'. मास्तरांनी एकदाही दाराकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, मला माहीत आहे. आणि मी मूग गिळून बसलो. चपलेचा अंगठा तुटायला आला होता, त्याच्याकडे बघत बसलो. शेवटी ठराव झाला : मास्तरांना काम द्यायचं नाही, आणि सगळ्यांनी आपापली डिझाइनं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनं कोरी करायची, आणि पुढची डिझाइनं नवीन माणसाकडून भरून घ्यायची. हात वर करा म्हणाले. मी केला. माझा हात वर गेला, हे लिहितानाही त्या हातानं लिहायची लाज वाटते.

घरी बायकोला सांगितलं. तिला गाण्यांची गोष्ट माहीत होती. ती म्हणाली, "दातखीळ बसली होती का तुमची? चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत, आणि तो चोर माझ्या ताटात जेवतोय."

नंतर मी काय केलं, तर बाजारात जाऊन ते नकली कापड आणलं. दार लावून ते आणि आठमशीनच्या जादा कामातला उरलेला तुकडा भिंगाखाली धरला. एक पाकळी मोजली, फक्त एक. मास्तरांच्या पाकळीला दोनशे दहा टाके, हिला एकशे त्र्याऐंशी, आणि भरलेली उजवीकडून. कापडावरूनच नक्कल होती, कुठल्याही पंचिंगवाल्यानं केली असती. म्हणजे आता माझ्याकडे दोन गोष्टी होत्या, त्यांना सोडवतील अशा. ते कापड मी घडी करून कपाटात टाकलं. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत सहा महिने घालवले.

मास्तर भांडले नाहीत. पंधरा दिवस टेबलाशी बसून राहिले, पेन कुणाचंच आलं नाही. मग कॉम्प्युटर विकला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला नवीन गावात कोण विचारणार, आणि आमचा धंदा एवढासा, बातमी आधीच पोचलेली. एका दवाखान्याच्या तळघरात गाड्या लावतात, तिथे चिठ्ठ्या फाडायचं काम मिळालं त्यांना. खाली उजेड नाही. ज्या डोळ्यांनी तो बाण पकडला ते डोळे आता गाड्यांचे नंबर लिहितात.

इकडे व्हायचं तेच झालं. पेनं कोरी केली म्हणजे मास्तरांची खुर्चीही, ते रिकामं फोल्डर, गेली. आठमशीनच्या ऑफिसातला, सहामशीनच्या ऑफिसातला किडा तिथेच होता, त्याला कुणी हात लावू दिलाच नव्हता. सहा महिने होता होता गल्लीतले सगळे पडदे रिकामे. जावयानं आपला एक मित्र आणला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉप. त्यानं कॉम्प्युटर साफ केले, पेनं साफ केली, आणि शेवटी प्रत्येक पेनमध्ये एक रिकामं फोल्डर टाकलं. त्याच नावाचं. मी त्याच्या मागेच उभा होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यानं सांगितलं, "ही लस समजा. हे पुसू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. पेनमागे पैसे घेतले त्यानं, काकूंनी वर चहा दिला. एकालाही आठवलं नाही, की आठवूनही कुणी बोललं नाही, देव जाणे.

तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हणजे उशिरा का होईना, फिरलं. त्याच दुपारी आठमशीनच्या ऑफिसात सगळे चहाला बसले होते, तिथे कपाटातलं ते कापड घेऊन उभा राहिलो. म्हणालो, "तो किडा पहिल्यांदा माझ्या पेनमधून आला होता. मी झेरॉक्सवाल्याकडून गाणी घेतली होती. मास्तरांनी शब्द दिला होता तो मला. आणि हे बघा बाजारातलं कापड, टाके जुळत नाहीत. मास्तरांचा काही दोष नाही."

मला वाटलं होतं, आता काम जाणार. काकू कानाखाली देतील. जमलेले सगळे मिळून मला गल्लीच्या बाहेर काढतील. सहा महिने रोज हेच तर डोळ्यांसमोर येत होतं.

आठमशीननं कप खाली ठेवला. "गाणी कुठली होती?" त्यानं विचारलं, आणि सगळे हसले. काकू म्हणाल्या, "जाऊ दे आता. झालं गेलं. त्यांनाही कुठेतरी काम लागलंय म्हणे." कापड कुणी हातातसुद्धा घेतलं नाही. सहामशीननं मला बिस्किटाची बशी पुढे केली. मी जाताना आठमशीन म्हणाला, उद्या दोनशे पीस पाठवतो, लवकर करून दे.

तसाच दवाखान्याच्या तळघरात गेलो. मास्तर उतारापाशी खुर्ची टाकून बसले होते, हातात चिठ्ठ्यांचं पुस्तक. वाळले होते. मला बघून नेहमीसारखं म्हणाले, "ये रे. मशिनं कशी आहेत?"

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. सगळ्यांसमोर कबूल केलं, कापड दाखवलं, तुमचा दोष नाही म्हणालो. सांगताना रडायला आलं मला. माफी मागितली.

ते ऐकत होते. मग विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हणालो. "हसले. गाणी कुठली होती विचारलं."

"रागावलं नाही कुणी?"

"नाही."

"काम बंद केलं तुझं?"

"नाही. उलट दोनशे पीस देतायत."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. कोडं न सुटल्यासारखे बघत होते.

"मग तेव्हा तू कशाला भ्यायलास रे?" ते म्हणाले.

वरून एक गाडी उतारावर वळली. मास्तरांनी चिठ्ठी फाडून हातात धरली आणि मला म्हणाले, "बाजूला हो, गाडी येतेय."